दोन कण्या आणि आप्पांचा डोळा

आप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी कारखान्याच्या लॅबमध्ये टायट्रेशन करत उभी होते. फोन आईचा होता. आमची आई फोनवर बोलत नाही, ओरडते. चौल ते रोहा हे अंतर मोबाइलच्या भरवशावर सोडायला ती तयार नसते. "आप्पा गेलं गं!" ती म्हणाली, आणि मला हुं करायलाही न देता पुढे, "दुपारी जेवून आडवं झालं ते उठलंच न्हाय. मी तिकडंच चाललीय. नाकातली काढू का ठेवू?" ... समोरच्या फ्लास्कमधला रंग फिकट गुलाबीवर थांबवायचा असतो. तो गडद होऊन पार पुढे गेला होता. नोकरीच्या सहा वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. "ठेव," मी म्हटलं. "त्यांनीच केलेली आहे ती. ठेव."  मग ती, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, फोनवर हळू बोलली. "तेच म्हन्ते मी."

याला आता सव्वा महिना झाला. पेपरच्या पुरवणीत ज्यांच्यावर लिहून येतं ती माणसं मोठी असतात, त्यांच्या नावापुढे काहीतरी असतं. आप्पांच्या नावापुढे काही नव्हतं. चौल नाक्यावर एका शटरचं सोन्याचांदीचं दुकान, आत एक गादी, एक काचेचं कपाट, वजनाचा काटा आणि मागच्या अंगाला पॉलिशच्या मशीनवर बसलेला त्यांचा मुलगा नंदू, एवढाच त्यांचा पसारा. दुकानात शिरणाऱ्याच्या तोंडाकडे ते बघतच नसत. आधी कान, मग नाक, मग गळा आणि सगळ्यात शेवटी माणूस. एखाद्या बाईचा एक कान रिकामा दिसला की विचारायचे, "फिरकी पडली की भांडण झालं?" बायका चिडायच्या, आणि मग अर्धा तास बसून काय झालं ते सांगायच्या.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी जाईन तिथे सांगते, कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. बाबा लोकांच्या वाड्यांत माडावर चढून नारळ पाडतात, आई सुपारी सोलायला जाते, आणि माझ्याआधी आमच्यात दहावीपलीकडे कुणी गेलेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी आईने पेढ्यांचा पहिला बॉक्स देवळात नेला आणि दुसरा आप्पांकडे. आप्पांनी पेढा तोंडात टाकला. "कशात झालीस?" "केमिस्ट्रीत." "म्हणजे सोन्यात काय मिसळलंय ते तुला कळणार?" "कळणार." त्यांनी दुसरा पेढा उचलला. "मग तू इथे फार येत जाऊ नकोस." तेव्हापासून मी त्यांची 'बीएस्सी' झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शंकाच आहे. नाक्यावरून जाताना आतून हाक यायची, "काय बीएस्सी, आज काय उकळलं?"

नोकरीला चार वर्षं झाली तेव्हा मी ठरवलं, आईला हिऱ्याची चमकी करायची. तिच्या नाकात मी कळायला लागल्यापासून काचेचा पांढरा खडा बघत आले. तो दोन-तीन वर्षांत धुरकट व्हायचा, मग ती तसाच दुसरा घ्यायची. खाणीतल्या हिऱ्याचा भाव मी काढला आणि गप्प बसले. मग लॅबमध्ये तयार होणाऱ्या हिऱ्याचा काढला आणि तडक आप्पांकडे गेले. त्यांनी तोवर असला हिरा हातात घेतला नव्हता, आणि घ्यायची इच्छाही दिसत नव्हती. मी उभ्याउभ्या त्यांना लेक्चर दिलं. जमिनीच्या पोटात कार्बन दाब आणि उष्णता सोसतो, त्याचा हिरा होतो, तो माणसं खणून काढतात. इथे यंत्रात हिऱ्याचीच पातळ चकती ठेवतात, गॅस सोडतात, आणि गॅसमधला कार्बन तिच्यावर थरावर थर बसत जातो. काही आठवड्यांत हिरा तयार. कार्बन तोच, रचना तीच, कडकपणा तोच. आप्पांनी चष्मा कपाळावर नेला. "म्हणजे कलमी आंब्यासारखं म्हण की." "अगदी तसं नाही, पण चालेल." "मग कलमी महाग असतो आणि रायवळ स्वस्त. इथे उलटं का?"

याचं उत्तर बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत कुठे आलेलं नव्हतं.

आई भलत्याच विचारात होती. "तू पन लॅबमदीच कामाला हायेस ना? मग इकत कशाला घ्यायचा? जेवनाच्या सुट्टीत येक बनवून आन." आमच्या लॅबमध्ये कारखान्याचं सांडपाणी तपासतात, हे मी तिला कधी नीट सांगितलं नव्हतं. चूक माझीच. लॅब म्हटलं की तिचा चेहरा इतका फुलायचा की सांडपाण्यापर्यंत पोचायचा धीर व्हायचा नाही.

शेवटी आप्पा हिरा मागवायला तयार झाले, पण आधी बजावून. हा परत विकायला आणलास तर बाजारात कुणी दारात उभं करणार नाही, आणि मीसुद्धा घेणार नाही, हे आत्ताच ऐकून ठेव, म्हणाले. ("नाकातली इकायला कोन निघालंय?" आई म्हणाली.) आणि मग आठ दिवस. आप्पांकडून ज्यांनी कधी हिरा घेतलाय त्यांना हे आठ दिवस माहीत आहेत. हिरा सगळ्यांना लाभत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हणून घडवण्याआधी आप्पा तो सुटाच, गुलाबी कागदाच्या पुडीत घालून, आठ दिवस घरी न्यायला द्यायचे. देवाजवळ ठेवा, तांदळाच्या डब्यात ठेवा, कुठेही ठेवा. या दिवसांत भांडण झालं, कुणी पडलं, दूध नासलं, तर निमूट परत आणा, का म्हणून विचारणार नाही. मी म्हटलं, "आप्पा, खाणीतल्याचं एक वेळ समजू शकते. यंत्रातून आलेल्याला कसला आलाय स्वभाव?" आप्पांनी खरोखर विचार केला. "ते आपल्याला अजून माहीत नाही ना. नवी सून आहे. बघूया आठ दिवस."

मी शास्त्राची विद्यार्थिनी. मी वही केली. तारीख, घटना, कारण असे तीन रकाने आखले. पहिल्याच दिवशी मांजरीने आईच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूवर, तीन पिल्लं घातली. आईने लिहायला सांगितलं, 'शुभ'. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, मांजर आधीपासूनच गाभण होती. तिसऱ्या दिवशी बाबांचा गुडघा दुखायचा थांबला. मी लिहिलं, वाऱ्यामुळे दोन दिवस माडावर चढले नाहीत. सहाव्या दिवशी सकाळी मला नासलेल्या दुधाचा वास आला. मी स्वयंपाकघरात गेले तर पातेलं घासून उपडं घातलेलं, आणि आई ओटा पुसतेय. "दूध?" "मांजरीनं पिलं." "सगळं?" "बाळंतीन हाय ती." त्या रकान्यात मी काय लिहायचं? आईला ती चमकी किती हवी होती हे मला त्या घासलेल्या पातेल्यावरून कळलं. वही मी बंद करून टाकली.

त्याच आठवड्यात रेवदंड्याच्या रुकय्याखालांकडेही एक पुडी गेली होती. खालांचा मुलगा आखातात नोकरीला. होणाऱ्या सुनेसाठी त्यांना अंगठी करायची होती, आणि हिरा खाणीतलाच हवा होता. मुलाने तिकडून तसं कळवलं होतं, आणि आप्पांनी शब्द दिला होता, "खाणीतला देतो." खालांना अंगठी नाजूक हवी होती आणि माझ्या आईला चमकी ठसठशीत, त्यामुळे दोन्ही हिरे आले एकाच मापाचे, तांदळाच्या कणीपेक्षा जरासे मोठे. खालांनी आठ दिवसांवर आधीच सांगून टाकलं होतं, "आमच्यात हे असलं काही मानत नाहीत हां, आप्पा," आणि पुडी नेऊन कपाटात ठेवली होती. आठव्या दिवशी मी आणि आई आमची पुडी घेऊन दुकानात पोचलो तर खाला पायऱ्या उतरत होत्या. जाताजाता आईला म्हणाल्या, "फ्रीज बंद पडला गं. पण तो आधीपासूनच घरघरत होता. हिऱ्यावर माझा काही आळ नाही. मी सांगितलं, करा अंगठी."

आता दोन्ही पुड्या गादीवर शेजारी-शेजारी. एका वेळी एकच पुडी उघडायची, हा आप्पांचा नियम. नंदूदादाला त्यांनी तो इतक्या वेळा ऐकवला होता की तो झोपेतही म्हणून दाखवेल. पण आई बसली होती, आणि आईने विचारलं, "आप्पा, मला येक सांगा. या दोघांत फरक काय?" प्रश्न हिऱ्यांबद्दल असता तर आप्पांनी तोंडी सांगितलं असतं. त्यांना तो त्यांच्या डोळ्याबद्दल वाटला. त्यांनी निळं फडकं पसरलं, दोन्ही पुड्या उघडल्या, आणि चिमट्याने दोन्ही कण्या शेजारी-शेजारी मांडल्या. "बघ. हा डावीकडचा खाणीतला. याच्यात पाणी बघ. झळाळी आतून येतेय, विहिरीत डोकावल्यासारखी. आणि हा यंत्रातला. चमक आहे, नाही म्हणत नाही मी, पण कोरडी." आई वाकली. दिसेना म्हणून आणखी वाकली. आणखी वाकली तशी तिचा पदर खांद्यावरून सुटला आणि फडक्यावरून सपकन फिरला.

एक कणी काट्याच्या पायाशी सापडली, दुसरी गादीच्या शिवणीत. आप्पांनी दोन्ही चिमट्याने उचलून पुन्हा फडक्यावर ठेवल्या.  मग आई, अगदी विश्वासाने, म्हणाली, "आता सांगा, पानी कुनात हाय?"

आप्पांनी भिंग डोळ्याला लावलं. "हा," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "थांब." मग दुसऱ्या कणीकडे बोट करून, "हा." मग दाराजवळ जाऊन उजेडात बघून आले. मग वजन केलं. वजनं सारखी. मग हिरा तपासायचं पेन काढलं. त्याचं टोक खऱ्या हिऱ्याला टेकवलं की ते टूं करतं, काचेला टेकवलं तर गप्प राहतं. पहिल्या कणीवर टूं. दुसऱ्या कणीवर टूं. आई खूश झाली. "दोनी पास!" तिला वाटलं, भानगड मिटली.

आवाज ऐकून नंदूदादा आतून हात पुसत आला. काय झालं ते कळल्यावर त्याने वेळ घालवला नाही. "बाबा, पेन दोघांवर वाजतंय. कुठलाही एक खालांना द्या. त्यांना काय कळणार आहे? कुणालाच कळणार नाही." आणि आता लिहायला लाज वाटते, पण लिहिते... मी त्याला दुजोरा दिला. मी म्हटलं, "आप्पा, केमिकली फरक नाहीच. मी पहिल्यापासून तेच सांगतेय." मला त्यात माझा विजय दिसत होता.

आप्पा माझ्यावर कधी चिडले नव्हते, तेव्हाही चिडले नाहीत. फक्त भिंग खाली ठेवलं. "बीएस्सी, फरक मलाही दिसत नाहीये, तेच तर रडणं आहे. पण मी त्या बाईला खाणीतला म्हणून सांगितलंय. ती इथे तुझी केमिस्ट्री विकत घ्यायला आलेली नाही. मी सांगितलं म्हणून घेतेय. आज मी हे असंच देऊन टाकलं, तर उद्या मी बावीस कॅरेट म्हणेन ते तरी तिने का ऐकावं?" आणि दुपारी चार वाजता त्यांनी शटर ओढलं. नाक्यावर कुणीतरी गेलं असेल असं वाटून शेजारच्या किराणावाल्यानेही आपलं अर्धं ओढून घेतलं.

मग आप्पा माझ्या स्कूटीवर मागे बसून रेवदंड्याला निघाले. दोन्ही पुड्या शर्टाच्या आतल्या खिशात, आणि खिशावर हात. वाटेत खड्डा आला की तेवढं "हळू" म्हणायचे. ते हिऱ्यांसाठी होतं की स्वतःसाठी, कळत नव्हतं. खालांच्या ओटीवर बसल्या-बसल्या त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, पदरासकट. खालांनी ऐकून घेतलं, चहा पुढे केला, नानखटाईची बशी सरकवली. "एवढंच ना आप्पा? मी म्हटलं चोरी झाली. तुमच्या डोळ्याला जो वाटतो तो द्या. माझ्या सासूच्या बांगड्यांपासून तुमच्याच घरचा डोळा चालत आलाय आमच्याकडे."

मला वाटलं, सुटलो. आप्पांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. "रुकय्याबाई," ते म्हणाले, "डोळ्याचंच तर काही खरं राहिलं नाही."

"मोतीबिंदू?" खाला कळवळल्या. "अरे, माझ्या भावाचा अलिबागला काढला. सकाळी गेला, दुपारी घरी जेवायला. मी नंबर देते."

"मोतीबिंदू नाही हो. दिसतंय सगळं लख्ख. ओळखता येत नाही."

मुंबईला यंत्र आहे, त्यात हिरा घातला की खाणीतला की लॅबमधला ते नक्की कळतं, हे मी खालांना समजावलं. मुंबईहून येईपर्यंत अंगठी थांबेल, असं ठरलं. निघताना आप्पांनी मला विचारलं, "यंत्राने बनवलेलं यंत्रालाच कळतं, असं का?" मी म्हटलं, "हो." "मग जात-भाईच झाले की," म्हणाले. हसले नाहीत.

आम्ही मांडव्याहून लाँचने गेलो. आदल्या दिवशी आप्पांनी पूर्ण सकाळ त्या दोन कण्यांबरोबर घालवली होती, दाराच्या उजेडात, खिडकीच्या उजेडात, एकदा तर बाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून. शेवटी एका पुडीला त्यांनी लाल दोरा बांधला. "हा खाणीतला. आता यंत्र काय म्हणतं ते बघू." लाँचमध्ये ते तीनदा म्हणाले, "लाल दोरा." गिरगावाकडे एका इमारतीत वरच्या मजल्यावर, एसीने गारठलेल्या खोलीत, एका तरुण मुलाने दोन्ही कण्या मायक्रोवेव्हएवढ्या यंत्रात घातल्या. पडद्यावर काहीतरी उमटलं. त्याने सहज सांगितलं, लाल दोऱ्यातला लॅबमधला आहे.

"परत घाला," आप्पा म्हणाले. त्याने परत घातला. "आता आधी हा, मग तो." त्याने तसंही केलं. यंत्र तिन्ही वेळा तेच म्हणालं. मुलगा चांगला होता, हसला नाही. "काका, डोळ्याने नाहीच कळत हो. आम्हालाही नाही कळत. म्हणून तर मशीन आणलंय." आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की वाटलं, आता याला बीएस्सी म्हणतील. "तुम्ही हे गिऱ्हाइकाला सांगता? की आम्हाला कळत नाही म्हणून?" मुलगा गोंधळला. "म्हणजे... हो. लिहिलेलंच आहे ना बाहेर." बाहेर खरंच लिहिलेलं होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. आप्पांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

परतीच्या लाँचमध्ये थंडीचं ऊन होतं, आणि सीगल पक्षी मागे लागलेले. लोक त्यांना वेफर्स टाकत होते. आप्पांनीही पुडा घेतला, पण टाकायचं विसरून स्वतःच खात बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पस्तीस वर्षं, बीएस्सी. किती लोकांना मी नुसतं बघून सांगितलं असेल... हा खाणीतला, याच्यात पाणी आहे." मला त्यांना धीर द्यायचा होता. मी म्हटलं, "आप्पा, तेव्हा लॅबमधले हिरे आपल्याकडे येतच नव्हते. तुम्ही म्हणालात ते सगळे खाणीतलेच होते. तुम्ही एकदाही चुकला नाहीत."

"म्हणजे तेव्हा माझा डोळा बरोबर होता?"

"तेव्हा चुकायला दुसरं काही नव्हतंच."

ते एकदम असे हसायला लागले की हातातला पुडा समुद्रात गेला आणि अख्खा थवा त्याच्यावर तुटून पडला. रेवसपासून अलिबागपर्यंतच्या बायका वळून बघत होत्या. डोळे पुसत ते म्हणाले, "पस्तीस वर्षं! एकच आंबा बाजारात, आणि मी आपला सांगतोय, हा हापूस!"

अंगठी झाली, लग्न झालं, खालांची सून ती घालून परदेशी गेली. आईची चमकीही झाली. आप्पांनी स्वतः तिच्या नाकात घातली आणि फिरकी आवळली. आई गावभर सांगत सुटली की ही यंत्रातली आहे, लपवायचं काही नाही, "माझ्या पोरीच्या लॅबमदली." तिच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल मी आता बोलत नाही.

पण आप्पांचं मिटलं नव्हतं. आठवडाभराने त्यांनी मला बोलावलं. समोर पांढरा रंग दिलेला पत्रा, काळ्या रंगाची डबी, ब्रश. "तुझं अक्षर चांगलं आहे. ग्रॅज्युएट आहेस. लिही." मी नीट शब्द जुळवून लिहिलं की खाणीतला आणि लॅबमधला हिरा नुसत्या डोळ्याने ओळखणे कठीण असते. आप्पांनी वाचलं. "कठीण काय? माडावर चढणं कठीण आहे, तुझा बाप चढतो ना? हे येत नाही. येत नाही असं लिही. आणि कुणाच्या डोळ्याने? गावाच्या? माझ्या म्हण." नंदूदादा मागून ओरडला, "बाबा, कुठला सोनार असा बोर्ड लावतो? लोक म्हणतील, मग दुकान कशाला उघडून बसलाय!" "म्हणू दे," आप्पा म्हणाले. मी पहिलं पुसून पुन्हा लिहिलं: 'खाणीतला हिरा आणि लॅबमधला हिरा माझ्या डोळ्याला ओळखता येत नाही. यंत्राचा दाखला मागा.'

पत्रा आप्पांनी गादीमागच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असा टांगला. पहिला महिना करमणुकीचा होता. नाक्यावरची कॉलेजची पोरं बोर्डासमोर फोटो काढून ग्रुपवर टाकायची. एक सोनार मुद्दाम गाडी थांबवून आत आले आणि म्हणाले, "आप्पा, धंद्याची अब्रू घालवलीत." आप्पांनी त्यांच्यासाठी सोडा मागवला आणि विचारलं, "तुम्हाला येतो ओळखता?" ते सोडा अर्धा टाकून गेले. गिऱ्हाइकं मात्र कमी झाली नाहीत. का, ते मी अभ्यास करून सांगू शकत नाही, वही मी केव्हाच बंद केली होती. रुकय्याखाला मला एकदा एसटी स्टँडवर भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आता त्यांनी बावीस कॅरेट म्हटलं की मी पावतीही वाचत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "वाचते. पण नंतर."

यानंतर आप्पा दोन वर्षं होते. कुणी हिरा घेऊन आलं आणि विचारलं की काका, हा खाणीतलाच ना, तर ते मान वर न करता अंगठ्याने मागचा बोर्ड दाखवायचे आणि काम चालू ठेवायचे. बाकी सगळं ते तासनतास समजावून द्यायचे, कोंदण कसं धरतं, सोनं किती पडेल, मापात काय होईल. आठ दिवसांची पुडी दोन्ही प्रकारच्या हिऱ्यांसाठी चालू राहिली. मी त्यावर वाद घालायचं सोडलं होतं. ते जायच्या थोडे दिवस आधी शेवटचं भेटले तेव्हा, कसं कोण जाणे, त्यांनी मला विचारलं, "सांडपाण्यात काय काय निघतं गं?" आईने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी सांगत बसले, ते ऐकत बसले. बसता-बसता माझी बस गेली.

परवा रविवारी आईच्या चमकीची फिरकी सैल झाली म्हणून दुकानात गेले. गादीवर नंदूदादा. तेराव्यानंतर त्याने दुकानात थोडा बदल केलाय, एलईडी लावलेत, बिलासाठी कॉम्प्युटर आणलाय. समोर एक जोडपं बसलेलं, साखरपुडा झालेलं, दुसरीकडून घेतलेली अंगठी दाखवायला आलेलं. मुलाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याने मुलीला 'खाणीतला' असं सांगितलंय आणि आता त्याला ते कुणीतरी म्हणायला हवंय. "तुमच्या वडिलांचं नाव ऐकून आलो," तो म्हणाला. नंदूदादाने भिंग लावलं. खूप वेळ बघितलं, दाराशी जाऊन बघितलं, हुबेहूब आप्पांसारखं. पेन टूं वाजलं. मला वाटलं, हा आता 'हो' म्हणणार. पोरगं इतकं आशेने बघत होतं, आणि 'हो' म्हणायला काहीच लागत नव्हतं...

नंदूदादाने भिंग खाली ठेवलं आणि अंगठा मागे केला.

मुलीने बोर्ड वाचायला सुरुवात केली. मी तो स्वतः रंगवलेला, मला पाठ होता, तरी तिच्याबरोबर वाचत गेले, आणि शेवटी अडखळले. मी लिहिलेल्या दोन ओळींच्या खाली, पत्र्यावर जागा उरली नव्हती तरी दाटीवाटीने, मार्करने, अगदी गिचमिड अक्षरात कुणीतरी एक ओळ वाढवली होती. मुलगी डोळे बारीक करून ती लावत होती. तिला लागेना, तेव्हा नंदूदादानेच, अंगठीची डबी बंद करता-करता, ती वाचून दाखवली.

"मलाही येत नाही. नंदू."